मदत हवी आहे : इलेक्ट्रिक गाडीत टक्के बघायचे की किलोमीटर?

राम राम मंडळी. गाडी घेऊन साडेचार महिने झाले. बॅटरी 30 युनिटची, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची. कोल्हापुरात राजारामपुरी ते शिरोली एमआयडीसी हे रोजचं जाणं-येणं झकास चाललंय. पण गेल्या रविवारी रत्नागिरीहून येताना जे झालं, त्याचा मी धसकाच घेतलाय.

निघताना बॅटरी 82 टक्के आणि पडद्यावर अजून 215 किलोमीटर जाईल असा आकडा. अंतर 130 च्या आसपास, म्हणून निर्धास्त होते. साखरप्याला 58 टक्के, 150 किलोमीटर. आंबा घाट चढून वर आलो तर 40 टक्के आणि किलोमीटर फक्त 75! गाडी चालली 20 आणि आकड्यातून गेले 75. घर अजून 65 किलोमीटर लांब. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या. शेजारी आई, वय 72, पदरानं वारा घेत मलाच धीर देत होती. त्यात बांबवड्याच्या पुढं 28 टक्क्यांचे डोळ्यांदेखत एकदम 19 झाले. चढ नाही, वेग नाही, काही नाही. शिवाजी पूल ओलांडला तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. दारात पोचलो तेव्हा 6 टक्के उरले होते.

दोनातला कुठला आकडा धरून चालायचं? आणि टक्के अशी उडी का मारतात? बॅटरीत दोष आहे का? शोरूमवाले "होईल सवय" एवढंच म्हणाले. घरी मी कायम 80 ला चार्जिंग थांबवते, बॅटरीला तेच बरं असं ऐकलं होतं. 100 एकदाही केलेलं नाही.

प्रतिसाद

ताई, घाबरू नका. तुमच्या शेवटच्या ओळीतच बहुतेक उत्तर आहे.

किलोमीटरचा आकडा हा अंदाज असतो. गाडी मागच्या काही किलोमीटरचा खप बघते आणि पुढचा सगळा रस्ता तसाच आहे असं धरते. घाट चढल्यावर तिला वाटतं, कोल्हापूरपर्यंत घाटच आहे. प्रत्यक्षात दीड टनाची गाडी 500 मीटर वर न्यायला 2 युनिट लागतात, घट धरून अडीचच्या जवळ. म्हणजे 8 टक्के. सपाटीचे 20 किलोमीटर आणखी 8. तुमचे 18 गेले, म्हणजे हिशोब जवळपास जुळतोच की.

टक्क्यांची उडी वेगळी. बॅटरी अनेक छोट्या सेलची बनलेली असते. एलएफपी सेलचा व्होल्टेज मधल्या बऱ्याच भागात 3.2-3.3 व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर असतो. त्यामुळं नुसत्या व्होल्टेजवरून 70 टक्के आहेत की 40 हे गाडीला नीट ओळखता येत नाही. मग ती आत किती करंट गेला, बाहेर किती आला, हे मोजत बसते. झाकलेल्या टाकीतलं पाणी बादल्या मोजून सांगावं तसं. रोज थोडी चूक साठत जाते. टाकी पूर्ण भरली किंवा तळाला आली, की व्होल्टेज झपकन बदलतो आणि गाडी आकडा दुरुस्त करते. तुम्ही 100 कधीच केलं नाही, म्हणून ती दुरुस्ती नेमकी चार्ज खाली येताना झाली.

घरच्या चार्जरवर सावकाश 100 करा आणि चार्जिंग आपोआप थांबेपर्यंत प्लग काढू नका. सगळे सेल एकसारखे भरण्याचं काम त्या शेवटच्या टप्प्यातच होतं. किती दिवसांनी करायचं ते गाडीच्या पुस्तकात बघा. एवढं करूनही उडी मारली, तर मात्र सर्व्हिस सेंटरला लेखी तक्रार द्या.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. शनिवारी रात्री 100 केलं. पडद्यावर 100 दिसल्यावरही चार्जर जवळजवळ पाऊण तास चालू होता! मी तिथंच खुर्ची टाकून बसले होते. सकाळी मुद्दाम पन्हाळ्याला जाऊन आले. वर जाताना 15 टक्के गेले, उतरताना फक्त 4. उडी कुठंच नाही. किलोमीटरचा आकडा चढावर कोसळला आणि उतरताना पुन्हा वाढला, पण आता त्याच्याकडं बघून छातीत धडधडत नाही. सपाटीला एका टक्क्यात अडीच किलोमीटर आणि घाटाचे 8 टक्के वेगळे, असं कागदावर लिहून गाडीतच ठेवलंय.

आईला श्रावणात परत रत्नागिरीला सोडायचंय. भर पावसात, वायपर, दिवे आणि एसी चालू ठेवून आंबा घाट कुणी चढलंय का? साखरपा ते आंबा किती टक्के गेले, तेवढं लिहा.