गोधडीत भादव्यातलं कास आणायचंय, फुलं न काढता

सुईदोरा_सातारा:
नमस्कार मंडळी, आईच्या आणि सासूबाईंच्या बऱ्याच सुती साड्या जमल्यात, त्यांची डबल बेडची गोधडी शिवायची ठरवलंय पण नेहमीचे चौकोन नकोत आणि फुलंपानं कापून ॲप्लिक पण नको. मला भादव्यातलं कासचं पठार हवंय, नुसत्या रंगात. म्हणजे फूल एकही दिसू नये पण बघणाऱ्याला तिथे उभं राहिल्यासारखं वाटावं. तेरड्याचा गुलाबी, कवल्याचा पिवळा, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा असे तुकडे काढलेत, फरशीवर मांडले की सगळेच अंगावर येतात, रंगपंचमी झाल्यासारखं दिसतं. रंग कमी करू का? पट्ट्या घेऊ की वेडेवाकडे तुकडे? आणि दोरा कुठल्या रंगाचा?

ठिगळ:
रंग कमी नका करू, प्रमाण बदला. फोटोत सगळा गुलाबी गालिचा दिसतो पण कास म्हणजे मुळात जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ, वर मातीचा पातळ थर, तेव्हा काळपट तांबूस दगड, शेवाळ, गवताचे दोनतीन हिरवे आणि ढगाचा राखाडी हेच तुमच्या गोधडीत निम्म्याहून जास्त पाहिजेत. जुनं विटकं काहीही फेकू नका, तेच सोनं आहे. फुलं पण सारखी पसरलेली नसतात, सीतेची आसवं जिथे दगडावर पाणी झिरपतं तिथेच येतात, मग निळा तुकडा कायम ओल्या दगडाच्या रंगाला चिकटूनच ठेवा, पिवळ्याच्या मधोमध नको. तेरडा मात्र एका जागी भरपूर, उरलेल्या गोधडीत जवळजवळ नाहीच. अजून एक, मांडणीचा मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून बघा, सगळं एकसारखं राखाडी दिसलं तर फिकट-गडद फरक कमी पडतोय, आणि माझ्या मते तुमची अडचण हीच आहे, सगळे रंग सारखेच तेजदार घेतलेत.

वाकळवाली:
ताई, तुकडे आधी जोडून वरचा थर करूच नका. उत्तर कन्नडात हल्याळ, यल्लापूरकडे सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात ती पद्धत या कामाला फार छान. खाली साडी अंथरायची, काठापासून सुरुवात, तुकड्याची कड आत दुमडायची आणि सरळ धावदोरा घालत कडेकडेने गोल फिरत मध्यापर्यंत जायचं, पुढचा तुकडा कुठला ते शिवता शिवता ठरतं. चार कोपऱ्यांना घडी घातलेले तुकडे लावतात, त्याला फुला म्हणतात. आधी कागदावर डिझाइन काढून असे रंग येतच नाहीत हे माझं ठाम मत आहे, शेजारचा तुकडा बघितल्याशिवाय पुढचा कळत नाही. दोरा सगळीकडे एकच घ्या, फिकट हिरवट राखाडी. ओळी बोटभर अंतराने घातल्या की तो भडक रंगावर पण बसतो आणि विटक्यावर पण, सगळं एकत्र येतं.

मेपलगाव (ओंटारियो):
किती सुंदर विचार आहे! मी इथल्या फॉलची, म्हणजे पानगळीच्या रंगांची गोधडी करतेय. पानातला पिवळा आधीपासूनच असतो, हिरवं क्लोरोफिल ओसरलं की तो दिसायला लागतो, आणि लाल मात्र बहुतेक त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. म्हणून मी हिरव्या तुकड्यांच्या खाली पिवळी साडी घातलीय, हिरव्याची कड दुमडताना पिवळी दोन-तीन मिलिमीटर बाहेर ठेवते आणि लाल तुकडे सगळ्यात शेवटी वरून लावते. लांबून नुसतं हिरवं दिसतं, जवळ गेलं की पिवळं उजळतं. तुम्ही हिरव्याखाली जांभ्याचा तांबडा ठेवून बघा ना.

सुईदोरा_सातारा:
खूप खूप आभार सगळ्यांचे! ब्लॅक अँड व्हाइट फोटो लगेच काढला, खरंच सगळं एकसारखं राखाडी. सासूबाईंचं एक काळं चंद्रकळेसारखं लुगडं आणि बाबांची जुनी मातकट लुंगी काढलीय दगडासाठी, हिरव्याखाली तांबडा पण करणार. तेरड्याच्या गुलाबीचा रंग जाईल का, ती साडी फार धुतलेली नाहीये.

वाकळवाली:
कापायच्या आधी बघून घ्या. कोपरा ओला करून पांढऱ्या कापडात घट्ट दाबा, कोमट पाण्यात पण एक चिंधी थोडा वेळ ठेवा. डाग उतरला तर अख्खी साडी वेगळी, पाणी स्वच्छ येईपर्यंत दोनचार वेळा धुवा आणि सावलीत वाळवा. तरीही सुटत असेल तर ती या गोधडीत घालू नका, शेजारचा पांढरट राखाडी गुलाबी होईल आणि मग ढग गेले. आणि सिंथेटिक साडी आत चुकूनही नको, थर सरकतात आणि टाका ओढला जातो.

ठिगळ:
मध्यापर्यंत आलात की फोटो टाका इथे, निळा कुठे बसवलात ते बघायचंय.