जॉवेट: थोर गुरू की साहेब घडवणारा कारखानदार?

पानसुपारी: परवा इथेच कुणीतरी लिहिलं, 'बेंजामिन जॉवेटसारखा एक कुलगुरू मिळता तर आपल्या विद्यापीठांची ही दशा नसती.' डोकंच उठलं. मान्य, पदवीआधीच ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजचा फेलो, 1871 ला अख्खा प्लेटो इंग्रजीत आणला, 1882 ते 86 ऑक्सफर्डचा कुलगुरू. पण 1854 ला मेकॉलेच्या समितीत बसून आयसीएसची परीक्षा आखणाऱ्यांत हाच होता ना? ग्रीकला 750 गुण, लॅटिनला 750, संस्कृतला 375! राज्य करायचं हिंदुस्थानावर आणि पाठ करायचा होमर. लॅन्सडाउन, एल्गिन, कर्झन, ओळीने तीन व्हाइसरॉय याच्याच बॅलिओलचे. पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोरे सोल्जर घराघरांत घुसले तेव्हा वर एल्गिनच होता.

दौत-टाक: रँडचं पाप जॉवेटच्या माथी? तो 1893 लाच वारला. आपल्या नाशिकची कॉर्नेलिया सोराबजी 1892 ला ऑक्सफर्डला बीसीएलच्या, म्हणजे कायद्याच्या परीक्षेला बसली, पाठीशी कोण होतं? आणि पाद्री असून 'बायबल इतर ग्रंथांसारखंच वाचा' असं 1860 ला निबंधात छापलं म्हणून या ग्रीकच्या प्राध्यापकाला 1865 पर्यंत वर्षाला 40 पौंडांवर ठेवलं. तेवढा कणा दाखवा आजच्या कुणात.

तासिकावाला: 40 पौंडांवरून आठवलं. मी नऊ वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबाने शिकवतो. डिसेंबरचं बिल मेमध्ये परत आलं, का, तर एका तारखेवर खाडाखोड. पैसे दिवाळीनंतर.

कोरा_फळा: आणि तासिका 48 मिनिटांची, मोबदला घड्याळी तासाचा. पाच शिकवा, चारचे घ्या.

पानसुपारी: धागा कशावर आहे? जॉवेटची फेलोशिप चालूच होती, उपाशी नव्हता तो. कुठे तो, कुठे तुमचं बिल!

तासिकावाला: तुम्ही पर्मनंट दिसता. सातवा आयोग पचला की असंच सुचतं.

पानसुपारी: माझ्या पगारावर जाऊ नका. पचायला आधी मिळावा लागतो, मी विनाअनुदानितवर आहे. आणि कण्याचं म्हणाल तर 1855 ला कुलगुरूंनी बोलावून इंग्लंडच्या चर्चच्या एकोणचाळीस धर्ममत-कलमांवर पुन्हा सही मागितली, तुमच्या बाणेदार जॉवेटने मुकाट केली.

दौत-टाक: केली. नसती केली तर अध्यापकी गेली असती, आणि तो निबंधही आला नसता.

तासिकावाला: मीही करतो हो. दर जूनला बाँडपेपरवर, 'सेवेत कायम करण्याची मागणी करणार नाही.' पेपरचे पैसेही माझेच. यंदा सही करताना लेकीने विचारलं, बाबा, हे कसलं बक्षीस?

कोरा_फळा: आमच्याकडे दोन प्रती लागतात.

पानसुपारी: बरं. सहीचं बोललो ते मागे घेतो. 375 चं मात्र नाही.

दौत-टाक: घेऊ नका. अरबीलाही 375 च होते, तेवढं लिहून ठेवा.