२०१९ चा आयपॅड मिनी केवळ स्क्रीनसाठी बदलावा का?

वाचनवेडा यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे २०१९ चा, म्हणजे पाचव्या पिढीचा आयपॅड मिनी आहे आणि त्यावर मी जवळजवळ फक्त स्कॅन केलेली जुनी मराठी पुस्तके व दिवाळी अंक वाचतो. अख्खे पान एकदम दिसेल असे ठेवले की रफार कोणता आणि अनुस्वार कोणता हे संदर्भावरून ताडावे लागते. बोटांनी पान मोठे केले, तर प्रत्येक ओळीला ते डावीउजवीकडे सरकवत बसावे लागते. माझी स्क्रीन ७.९ इंचांची आहे, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मिनीची ८.३ इंचांची. ४९,९०० रुपयांपासून सुरू होणारी किंमत मोजावी इतका फरक वाचताना पडेल का, की पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी?

मोजपट्टी

कर्णाच्या इंचांवर जाऊ नका, लांबी-रुंदी पाहा. तुमच्या स्क्रीनवर १५३६ × २०४८ पिक्सेल आहेत आणि २०२१ पासूनच्या मिनीवर १४८८ × २२६६. घनता दोन्हींची इंचाला ३२६ एवढीच असल्यामुळे हिशेब सरळ आहे: जुनी स्क्रीन सुमारे १२ सेंमी रुंद व १६ सेंमी उंच, तर नवी ११.६ सेंमी रुंद व १७.७ सेंमी उंच. म्हणजे नवी स्क्रीन उंचीला वाढली असली, तरी रुंदीला चार मिलिमीटर कमीच आहे.

आता डेमी आकाराचे पुस्तक घ्या, ज्याचे पान साधारण १४ × २१.६ सेंमी असते. ते पूर्ण बसवले तर तुमच्या स्क्रीनवर मूळ छपाईच्या ७४ टक्के आकारात दिसेल आणि नव्या स्क्रीनवर ८२ टक्के. हा फरक डोळ्यांना नक्की जाणवतो. मात्र १८ × २४ सेंमीच्या आसपासचा दिवाळी अंक उघडलात, तर तो नव्या स्क्रीनवर किंचित लहानच दिसेल, कारण तिथे रुंदी आड येते.

रातराणी

वरचा हिशेब बरोबर आहे, पण आपण मुळात चुकीच्या संशयिताला पकडले आहे असे मला वाटते. १५० डीपीआयने, म्हणजे इंचाला १५० ठिपके या हिशेबाने, स्कॅन केलेल्या डेमी पानाच्या रुंदीत सव्वाआठशेच्या आसपास पिक्सेल असतात, आणि पूर्ण पान दाखवतानासुद्धा तुमची स्क्रीन त्या रुंदीसाठी तेराशेहून अधिक पिक्सेल वापरते. स्कॅनमध्ये जे उतरलेच नाही ते स्क्रीन कुठून दाखवणार? फाइल लहान व्हावी म्हणून नंतर जास्त दाबली असेल, तर सगळ्यात आधी बळी जातो तो अनुस्वार, रफार आणि उकार यांचा. एखादे जोडाक्षर चौपट मोठे करून पाहा. कडा तेव्हाही फुटलेल्या दिसल्या तर दोष फाइलचा. कडा स्वच्छ दिसल्या तर अक्षर फक्त लहान पडत आहे, आणि मग मोठ्या स्क्रीनचा विचार रास्त ठरतो.

चकवा

मिनीच्या बाबतीत ‘नवे म्हणजे अधिक सुबक’ हे गणित फार पूर्वीच संपले. २०१२ च्या पहिल्या मिनीची घनता १६३ होती, ती २०१३ मध्ये एकदम दुप्पट झाली आणि तेव्हापासून २०२४ पर्यंत ३२६ वरून हललेली नाही. सुधारणा झाल्या त्या इतरत्र: २०१५ मध्ये काच आणि पॅनेल यांच्यातली फट नाहीशी झाली व प्रतिबिंब कमी करणारा लेप आला, तर २०१९ मध्ये रंगांचा पल्ला वाढला आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे पांढऱ्या रंगाची छटा जुळवून घेण्याची सोय झाली. हे सगळे तुमच्याकडे आधीपासून आहे. उलट २०२१ च्या आवृत्तीत उभ्या धरलेल्या स्क्रीनवर मजकूर सरकवताना एक बाजू दुसरीच्या किंचित मागे राहते, अशी चर्चा समीक्षकांत बरीच रंगली होती. पाने एकेक उलटणाऱ्याला त्याचा उपद्रव होऊ नये, हे खरे.

थांबण्याविषयी सांगायचे, तर मिनी दरवर्षी बदलत नाही. २०१५ नंतर २०१९, मग २०२१, मग २०२४ असा त्याचा मुहूर्त असतो. ओएलईडी, म्हणजे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणारी स्क्रीन असलेल्या, मिनीच्या अफवांवर माझा तरी खर्चाचा बेत ठरत नाही. सॉफ्टवेअरची घाई म्हणाल, तर २०२५ चे आयपॅडओएस २६ तुमच्या यंत्रावर चालते. केवळ दिवाळी अंकांसाठी पैसे घालायचे असतील, तर मिनी सोडून ११ इंची साधा आयपॅड पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हातात धरून आडवे पडून वाचायची सवय असेल तर मात्र त्याचे वजन जाणवेल.

वाचनवेडा

सर्वांचे आभार. रातराणी यांनी सांगितल्याप्रमाणे कालच तीन फाइली तपासल्या. दोन पुस्तकांत ‘र्थं’वरचा रफार आणि अनुस्वार चौपट मोठे करूनही एकच काळा ठिपका दिसतो. तिसऱ्याचा स्कॅन चांगला असून त्यातली अक्षरे स्वच्छ आहेत, फक्त बारीक. मोजपट्टी यांचे आकडे घेऊन ११.६ × १७.७ सेंमीचा पुठ्ठाही कापला आणि जुन्या मिनीवर ठेवून पाहिला; वाढलेली उंची बोटभरसुद्धा नाही. तूर्त त्या दोन पुस्तकांचे चांगले स्कॅन मिळतात का ते शोधतो आहे, आणि तिसरे मिनी आडवा धरून अर्धे-अर्धे पान वाचतो आहे.