मदत हवी आहे: रोमला आपलं आपण जावं की क्रूझची सहल घ्यावी?

नमस्कार मंडळी, ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर निघालोय. सगळं ठरलं, रोमचा दिवस तेवढा अडलाय. जहाज सकाळी ७ ला चिविटावेक्किया बंदराला लागतं आणि संध्याकाळी साडेसहाच्या आत परत चढायचं आहे. तिथून रोम सत्तरएक किलोमीटर.

क्रूझ कंपनीच बसने रोम फिरवून आणते, त्या सहलीचा मोठा आधार म्हणजे त्यांची बस रखडली तर जहाज थांबतं. आपले आपण गेलो आणि उशीर झाला, तर पुढचं बंदर स्वखर्चाने गाठायचं. पण मागच्या खेपेला अशीच सहल घेतली होती. आईचे गुडघे दुखतात. गाइडच्या झेंड्यामागे ती कशीबशी चालायची, पायरीवर जरा टेकली की "चला, चला". शेवटी ती बसमध्येच बसून राहिली. ते पुन्हा नको.

ट्रेनने गेलं तर रोमा सान पिएत्रो स्टेशनवर उतरून व्हॅटिकन जवळ पडतं. आईला तिथल्या सेंट पीटर्स चर्चमधला मिकेलांजेलोचा 'पिएता' हा पुतळा डोळे भरून पाहायचाय, बाकी काही राहिलं तरी चालेल. धास्ती एकच, इटलीत रेल्वेचे संप अधूनमधून होतात.

ज्येष्ठांना घेऊन कुणी ट्रेनने गेलंय का? बंदर ते स्टेशन चालणं किती पडतं? परतीची ट्रेन कितीची धरली? की चौघांसाठी खाजगी गाडीच बरी? कृपया स्वतःचा अनुभव सांगा.