उन्हाळ्यातली कुंडीशेती: ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुमच्याकडे काय टिकलं?

होळी झाली की आमच्या गॅलरीतली कोथिंबीर तुऱ्यावर येते, मेथी जून होते आणि थंडीतला सगळा उत्साह ओसरतो. सल्ले शोधावेत तर बहुतेक पुण्या-नाशिकच्या हवेचे. तिथे निदान रात्री गारवा असतो, आपल्याकडे रात्री अकरालाही घामाच्या धारा. म्हणून हा धागा. मार्च ते मे इथल्या हवेत, इथल्या ग्रिलमध्ये काय जगलं आणि ताटात काय आलं, तेवढंच लिहा. मजला आणि गॅलरीचं तोंड कुठे, हे जरूर सांगा; त्यावाचून सल्ल्याला अर्थ नाही.

सुरुवात माझ्यापासून. नौपाडा, तिसरा मजला, पूर्वेचं ऊन. उन्हाळ्यात माझा भरवसा भेंडीवर. बी रात्रभर भिजवायचं, बारा इंची कुंडीत एकच रोप ठेवायचं. साधारण दीड महिन्यात फूल आणि फुलानंतर पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायला येते. एक दिवस जास्त राहिली की दोरखंड! एका झाडाला एका वेळी एक-दोनच मिळतात, म्हणून चौघांच्या भाजीला सहा-आठ झाडं हवीतच. तीन-चार झाडं असली तर भाजीचा नाद सोडा, सांबारात घाला. पानांच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसायला लागली तर तो केवडा रोग. पांढरी माशी तो पसरवते, औषध नाही, झाड उपटून टाकायचं. मी परभणी क्रांती हे वाण लावते, त्याला तो त्रास कमी.

घोडबंदर रोड, येऊरच्या बाजूला, दुसरा मजला
बाकी ठिकाणी कबुतरांचा त्रास, आम्हाला माकडांचा. पेरू, टोमॅटो, पपईचा कोंब, काही म्हणजे काही ठेवत नाहीत. जास्वंदीच्या कळ्यासुद्धा खातात. आमच्याकडे वाचलेली यादी देतो: कारलं, मिरची, अळू, पुदिना, गवती चहा, ओवा. कारलं एकदा चावून खाली फेकलेलं सापडलं, तेव्हापासून ग्रिलभर कारल्याचाच वेल आहे. कोकण तारा हे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं वाण, आखूड आणि हिरवंगार. घरात कारलं खाणारा मी एकटा, हा भाग वेगळा.

वाशी, सिडकोचं बैठं घर, मागे थोडी माती
आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आळी करून वेलांचं बी घालायची रीत आहे. सासूबाई अलिबागच्या, त्यांच्याकडून आलेली. पावसाळी वेल तेव्हाच पेरतो, पण उन्हाळ्यात खायचा दुधी मी जानेवारीअखेरीस लावते.

दुधीबद्दल नेहमीचा प्रश्न: "फुलं येतात, पण फळ धरत नाही." पहिली बरीच फुलं नराचीच असतात, ती गळणारच. नर फुलाचा देठ लांब आणि सरळ. मादी फुलाच्या खाली बोटाच्या पेराएवढा लव असलेला इवलासा दुधी आधीपासूनच असतो. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि शहरात त्या वेळी फिरणारे किडे फारसे नाहीत. म्हणून दिवे लागणीनंतर मोबाइलचा टॉर्च घेऊन जायचं, ताजं नर फूल खुडायचं, त्याच्या पाकळ्या काढायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. जमलं तर दोन-तीन दिवसांत देठ जाड होतो. नाही जमलं तर तो छोटा दुधी पिवळा पडून गळतो. दोडकाही संध्याकाळचाच. काकडी आणि कारली मात्र सकाळी उमलतात, त्यांचं काम मधमाश्या करतात.

खारघर, चौदावा मजला, पश्चिम
इथे उन्हापेक्षा वारा वाईट. दुपारनंतर खाडीकडून सुटला की सकाळी घातलेलं पाणी चारपर्यंत संपतं. पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट लावली आणि मातीवर आच्छादन घातलं. आच्छादन कसलं, तर कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडची उसाची चिपाडं! फुकट मिळतात. फक्त दोन-तीन दिवस कडक वाळवून घाला, नाहीतर मुंग्यांची जत्रा भरते.

टोमॅटोचं म्हणाल तर एप्रिलमध्ये फुलं गळतात ती खत कमी पडलं म्हणून नव्हे. रात्र पुरेशी थंड झाली नाही की परागीभवन नीट होत नाही. खताचा मारा करून फक्त पानं वाढतात. चेरी टोमॅटो त्यातल्या त्यात बरा.

कळवा, तळमजला
शेडनेट? आमच्याकडे ऊनच दोन तास येतं! अळू आणि पुदिना, बस्स. दोन्ही एसीच्या पाण्यावर मस्त चाललेत.

पाचपाखाडी
कळवेकर, एसीचं पाणी खायच्या झाडांना नको हो. ते कॉइलवरची धूळ, बुरशी घेऊन येतं. मी ते मनीप्लांटला घालतो. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी अळूला घाला.

ऐरोली, ग्रिल, सकाळचं ऊन
समुद्रमेथी कुणी लावत नाही का? मिठाईच्या डब्याला खाली भोकं पाडायची, धुतलेली वाळू भरायची आणि मेथीदाणे दाट पसरायचे. पंधरवड्याच्या आत मुळासकट उपटून डाळीत. जून व्हायला वेळच मिळत नाही, त्यामुळे एप्रिलमध्येही जमते.

नेरूळ, गच्ची, ड्रममधलं कागदी लिंबू
पानांवर चिमणीची शीट पडलीय असं वाटलं तर नीट बघा, ती हलते! लिंबावरच्या फुलपाखराची अळी. काडीने डिवचली की डोक्यामागून दोन केशरी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मोठी झाली की हिरवी होते आणि कोवळी फांदी दोन दिवसांत साफ. मी उचलून खालच्या कढीपत्त्यावर सोडतो, तिला तोही चालतो. बायको म्हणते, मग कढीपत्ता काय फुकटचा आहे?

एप्रिल-मेमध्ये वाटाण्याएवढी लिंबं गळतात. थोडी गळणारच, पण एक दिवस कोरडं आणि एक दिवस तुडुंब असं पाणी दिलं की फारच. रोज सकाळी, थोडं, ठरल्या वेळी.

कोपरी
मेमध्ये गावी जाताना काय करता? वॉचमनवर भरवसा नाही.

वाशी (वर दुधीचं लिहिलेली मीच)
कोपरीकर, मडकं पुरा. कुंभाराकडचं छोटं, रंग न दिलेलं. मोठ्या ग्रो बॅगमध्ये मधोमध गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं आणि वर पणती झाकायची, नाहीतर डास. माती सुकेल तसं ते पाझरतं. लहान कुंड्यांसाठी बादली उंचावर ठेवून सुती नाडी: एक टोक पाण्यात, दुसरं मातीत चार बोटं खोल. नाडी आधी ओली करून घ्या. सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा. आणि निघायच्या आधी आठवडाभर दोन्ही लावून बघा, कारण मडक्या-मडक्याचा पाझर वेगळा असतो.