मदत हवी आहे: टाइलसेट विकायला ठेवताना एक्स्ट्रूड केलेली शीट द्यावी का?

गेमसाठी १६×१६ पिक्सेलचा टाइलसेट (जमीन, पाणी वगैरेंचे छोटे चौकोनी तुकडे) आणि ३२×३२ ची पात्रं असा पॅक इच डॉट आयओ या गेम-विक्रीच्या साइटवर विकायला ठेवायचा आहे. चित्रं तयार आहेत, अडलंय ते फाइलींच्या मांडणीवर.

साधी शीट (सगळ्या टाइल असलेलं एकच चित्र) १६ रकान्यांची, म्हणजे २५६ पिक्सेल रुंद. टाइल एकमेकींना चिकटून आहेत. कॅमेरा अर्ध्या पिक्सेलवर थांबला की गवताच्या टाइलच्या कडेला शेजारच्या पाण्याची निळी रेघ चमकते. युनिटी या गेम इंजिनात फिल्टर मोड पॉइंट, कॉम्प्रेशन नन, पिक्सेल्स पर युनिट १६ ठेवूनही ती अधूनमधून दिसतेच, कारण सॅम्पलिंग (चित्रातून रंग उचलणं) टाइलच्या हद्दीबाहेर जातं.

उपाय माहीत आहे: एक्स्ट्रूड करणं, म्हणजे प्रत्येक टाइलची कड चारही बाजूंनी १ पिक्सेल बाहेर ओढायची. टाइल १८ ची होते, शीट २८८ रुंद; टाइल्ड या नकाशे बनवायच्या प्रोग्रॅममध्ये मार्जिन १, स्पेसिंग २. पण घेणारा १६ च्या ग्रिडने कापायला गेला की सगळंच सरकतं, आणि वर 'पॅक खराब आहे' असा शेरा!

विकणाऱ्यांनो, तुम्ही दोन्ही शीट वेगळ्या फोल्डरमध्ये देता, की साधीच देऊन एक्स्ट्रूड करणं घेणाऱ्यावर सोडता? असप्राइट या पिक्सेल-चित्रांच्या प्रोग्रॅमची मूळ फाइलही सोबत द्यावी का? रंग बदलायला ती सोयीची, पण पॅक जसाच्या तसा पुन्हा विकणाऱ्यांचंही फावतं. परवान्यात 'गेममध्ये वापरा, बदला, पण सुटा विकू नका' एवढं पुरतं का? कुणाचा नेमका मजकूर असेल तर टाका.