घरामागच्या वाड्यातलं लाकडी कोठार : घरच्या ग्रुपवरची चर्चा

जिभाऊ (गाव):
सर्वांना नमस्कार. आखाजी (अक्षय तृतीया) झाली, पाहुणे आपापल्या घरी गेले, आता एक काम काढतोय. घरामागच्या वाड्यात, म्हणजे मागच्या मोकळ्या आवारात, मोठी शेड बांधायची आहे, 18 बाय 12 फूट. कापूस, ठिबकच्या नळ्यांची बंडलं, फवारणीचा पंप, ताडपत्र्या, बारदान, सगळं तिथे जाईल. धाब्याचं (मातीच्या सपाट छपराचं) जुनं घर उतरवलं त्याचं सागवान गोठ्यामागे रचलेलं आहे. फॅब्रिकेशनवाला म्हणतो ते लाकूड विकून टाका, मी अँगल आणि पत्रा मारून आठवड्यात शेड उभी करून देतो. लाकडात करायची की लोखंडात, सगळ्यांनी आपापलं सांगा.

वहिनी (गाव):
मला एवढंच म्हणायचंय की यंदा कापूस घरात नको. गेल्या हंगामात मधली खोली छतापर्यंत भरलेली. भाव वाढेल, भाव वाढेल म्हणत होळीपर्यंत ठेवला. पोरांच्या अंगावर पुरळ उठलं, रात्रभर खाजवत बसायची. डॉक्टरांनी अंगाकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न हाच केला, घरात कापूस भरलाय का? शेड कशाचीही बांधा, पण नवा कापूस वेचायला लागायच्या आत उभी पाहिजे.

भाऊ (पुणे):
मग लोखंडच करा ना जिभाऊ. उदई (वाळवी) लागत नाही, काम लवकर उरकतं. लाकडाला दरवर्षी काही ना काही करत बसावं लागेल.

आत्या (पारोळा), व्हॉइस मेसेज, अहिराणीत, जिभाऊंनी टाईप केला:
लोखंड कसाले? जुनं लाकूड बठ्ठं (सगळं) पडेल शे ना. बापनं कमायेल लाकूड इकू नका.

आप्पा:
ते सागवान माझ्या वडिलांनी नवापूरकडून आणलं होतं. त्या घरात मी जन्मलो. विकायचं नाही.

ताई (नाशिक):
आप्पा, विकायचं नाहीच. आणि ते फक्त आठवण म्हणून नाही. भाऊ, तू उदईचं म्हणालास ते खरं आहे, त्यावर पुढे लिहिते. पण आधी कापूस काय मागतो ते बघा. तिन्ही बाजूंनी पत्रा असलेली शेड मे महिन्यात भट्टी होते. आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, त्यात ठिबकच्या नळ्या आणि फवारणीची औषधं ठेवायची? आणि डिसेंबर-जानेवारीत उलटं होतं. रात्री पत्रा गार पडतो, आतल्या हवेतली वाफ त्याला चिकटते आणि पहाटे थेंब थेंब कापसावर पडतात. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर 8 टक्के ओलाव्याचा कापूस पूर्ण भावात घेतात, त्यापुढे कपात लागते आणि 12 टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत पाठवतात. ओला ढीग आतून तापतो, पिवळा पडतो. वर्षभराची मेहनत छताच्या थेंबांनी घालवायची नाही.

म्हणून भिंती लाकडी फळ्यांच्या, छताला पत्रा, पण पत्र्याखाली जुन्या धाब्याच्या फळ्या मारायच्या. पत्रा आणि फळी यांच्यामध्ये चार बोटं हवा खेळती ठेवायची. मग ऊनही कमी उतरतं आणि थेंबही कापसावर पडत नाही.

भाऊ (पुणे):
हे पटलं. पण उदई?

ताई (नाशिक):
उदईच्या आधी माती. आपली काळी कसदार माती पिकाला सोनं, पण बांधकामाला फार त्रासाची. आत्ता बाहेर जाऊन वाड्यातल्या भेगा बघा, हात आत जाईल. ती माती उन्हाळ्यात आकसते आणि मृगाचं पाणी पडलं की फुगते. फुगताना वरचं सगळं उचलते. जड घर जरा तरी दाबून धरतं, हलकी शेड मात्र सहज वर उचलली जाते. म्हणूनच गावात कंपाऊंडच्या भिंती आधी तडकतात. दोन फूट खड्डा करून त्यात खांब रोवला तर दोन पावसाळ्यांत दरवाजा लागायचा बंद होईल.

जिभाऊ, वाड्यात मुरूम किती खोल आहे?

जिभाऊ (गाव):
शौचालयाचा शोषखड्डा खणला तेव्हा पाच फुटांवर पिवळा मुरूम लागला होता. हात पंपाकडच्या बाजूला जास्त खोल आहे.

ताई (नाशिक):
मग उत्तम. प्रत्येक खांबाखाली मुरमापर्यंत खणा आणि मुरमात आणखी अर्धा फूट जा. तिथून काँक्रीटचा पाया वर आणा. खड्ड्यातून निघालेली काळी माती परत खड्ड्यात टाकू नका. पायाच्या भोवती वाळू किंवा मुरूम भरा, नाहीतर फुगलेली माती बाजूंनी घट्ट धरून पाया वर ओढते. मुरूम दहा-बारा फुटांवर असता तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी काढलेला अंडर-रीम्ड पाईल (जमिनीत खोल ओतलेला काँक्रीटचा खांब) घालावा लागला असता, तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेला, साडेतीन मीटर खोल. आपल्याला त्याची गरज नाही.

शेड शोषखड्ड्याच्या बाजूला मुळीच नको. तिथली माती कायम ओली राहते. कडुनिंबापासूनही लांब. झाड मुळांनी पाणी ओढतं आणि तेवढ्या भागातली माती जास्त आकसते.

जिभाऊ (गाव):
म्हणजे राहिली उगवतीकडची भिंत आणि गोठा यांच्यामधली जागा. वैरणीचा ट्रॅक्टर वळायला तेवढीच मोकळी आहे, पण बघू, वैरण पुढच्या खळ्यात नेता येईल.

मामा (शिरपूर):
मी सकाळपासून वाचतोय. लाकूडकामाचं मी सांगतो. परवा येऊन पाहून गेलो त्यावरून बोलतो.

लाकूड फार चांगलं आहे. आतला गाभा तांबूस, तेलकट, रंधा मारला की वास सुटतो. एवढं जुनं सागवान वाळून वाळून जेवढं आकसायचं तेवढं आकसलेलं असतं, नव्या लाकडासारखं पिळत नाही. पण तुळयांची जी टोकं मातीच्या भिंतीत होती ती पोकळ झालीत. टोचा घालून बघा, भस्कन आत जातो. टोक फूट-फूटभर कापून टाकायचं, त्याची माया करायची नाही. वरून हातोडीने ठोकत जायचं, खणखण वाजलं तर घ्यायचं, भदभद वाजलं तर बाजूला.

खिळे सगळे काढा. एक खिळा राहिला तर सॉ मिलवाल्याचं पातं जातं आणि तो पुढचं लाकूड घेत नाही. चुंबक फिरवून बघा, जुने खिळे डोक्याशी तुटलेले असतात, डोळ्यांना दिसत नाहीत.

18 फुटांचे तीन खण, सहा-सहा फुटांचे. पुढे चार खांब, मागे चार. एकपाखी छप्पर, पुढे 10 फूट उंची, मागे 8. उतार आणि पागोळी धरून 14 फुटांच्या चार तुळया लागतात, 6 बाय 4 इंचांच्या. वाड्यात तशा धड तीनच आहेत. एक कमी पडते.

जिभाऊ (गाव):
मामा, बांधावर आपलं स्वतःचं सागाचं झाड आहे ना. ते पाडलं तर?

ताई (नाशिक):
थांबा जिभाऊ. झाड आपल्या बांधावरचं असलं तरी साग 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, परवानगीशिवाय तोडता येत नाही. अंजन, खैर, मोह, चिंच, आंबा, जांभूळ हेही त्याच यादीत. कापलेलं सागवान रस्त्याने न्यायलाही वनखात्याचा पास लागतो. आणि ओलं सागवान वाळायला किती महिने जातील? एका तुळईसाठी उभं झाड कशाला पाडायचं?

मामा (शिरपूर):
बरोबर बोलली माय. वखारीतून एकच तुळई घ्या. हिशोब सोपा आहे : रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात, तिन्हींचा गुणाकार करून 144 ने भागायचं, घनफूट निघतात. 6 गुणिले 4 गुणिले 14 म्हणजे 336, भागिले 144, सव्वादोनच्या थोडं वर. वखारवाला अडीच सांगेल, तिथे टेप लावून उभे राहा.

बाभूळ कोणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो. बाभळीचं लाकूड चिवट आहे, गाडीच्या चाकाला चालायचं. पण ते आधी पाण्यात मुरवून ठेवावं लागतं, नाहीतर आतून भुंगा पीठ करतो. आता तेवढा वेळ नाही.

भाऊ (पुणे):
भिंतींना फळ्या पुरतील का मामा? नाहीतर खालच्या भागाला पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) कूड करून माती लिंपली तर? पूर्वी तसंच करायचे.

मामा (शिरपूर):
पूर्वी दरवर्षी बाया पोतेरं घालायच्या, म्हणून टिकायचं. पऱ्हाटीवर उदई आधी येते आणि मग खांबावर चढते. उंदीर वेगळेच. खालचे तीन फूट विटांचं जोतं बांधा, त्यावर फळ्या. फळ्या पुरतात, मी मोजल्यात. मागच्या बाजूला थोड्या जोडाव्या लागतील.

ताई (नाशिक):
मामांच्या विटांच्या जोत्याला माझा पाठिंबा. ते जोतंही जमिनीवर नको, खांबांच्या पायांना जोडणाऱ्या काँक्रीटच्या बीमवर घ्या, आणि बीमखाली मूठभर पोकळी ठेवा म्हणजे फुगलेल्या मातीला जागा मिळेल.

आता उदई. ती लाकडापर्यंत मातीतून येते, मातीची नळी करून. तिचा रस्ता उघड्यावर आणला की अर्धं काम झालं. म्हणून खांब जमिनीत रोवायचा नाही. काँक्रीटचा पाया जमिनीच्या वर दीड फूट आणायचा, त्यावर आपल्या जुन्या घराचे दगडी तळखडे, म्हणजे खांबाखालचे दगड, ठेवायचे (ते पायरीला लावलेत ना जिभाऊ? काढून घ्या), आणि तळखडा व खांब यांच्यामध्ये जाड गॅल्व्हनाईज पत्र्याची टोपी, कडा खाली वाकवलेली. उदईला त्या कडेवरून वळून नळी करावी लागते, ती लगेच दिसते. आठवड्यातून एकदा झाडूने झटकली की संपलं. खड्डे भरण्याआधी उदईच्या औषधाची प्रक्रिया करून घ्या, पण ते काम करणाऱ्या माणसाकडून, आणि हात पंपापासून अंतर राखून. फळ्यांना बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी ब्रशने दोनदा. पावसाचं पाणी लागलं की ते धुऊन जातं, त्यामुळे फक्त आतल्या बाजूने. बाहेरून जवसाचं तेल.

जिभाऊ (गाव):
ट्रॅक्टरचं जळकं ऑइल फुकट पडलंय, ते मारू का? गोठ्याच्या खांबांना तेच मारतो आपण.

ताई (नाशिक):
गोठ्याचं सोडा. कापसाच्या खोलीला अजिबात नको. कापसाला डाग पडतात, प्रत घसरते, आणि पेट लवकर घेतं.

वहिनी (गाव):
पेट घेण्यावरून सांगते. शेडमध्ये लाईट नको. मागच्या गल्लीत वायर घासून ठिणगी पडली आणि सगळा कापूस जळाला, तो धूर मी विसरलेली नाही. संध्याकाळी माप करायचं असेल तर बल्ब बाहेर ओसरीच्या खांबाला लावा. आणि बिडी ओढणाऱ्या गड्यांना आत झोपायला जागा द्यायची नाही, हे आत्ताच ठरवा.

ताई (नाशिक):
वहिनी, तुमचं शंभर टक्के बरोबर. आणखी एक, पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप आणि औषधांच्या बाटल्या कापसाबरोबर नकोतच. तिसऱ्या खणात विटांची आडवी भिंत घालून स्वतंत्र छोटी खोली करा, दरवाजा बाहेरून, कुलूप लावता येईल असा. पोरं लपाछपी खेळत कुठेही शिरतात.

जिभाऊ (गाव):
म्हणजे कापसाला दोनच खण राहतात. 12 बाय 12. पुरेल?

वहिनी (गाव):
मधली खोली 10 बाय 12 आहे आणि तिची उंची 9 फूट. पुरेल. पण दाबून भरू नका.

मामा (शिरपूर):
आतली जमीन फरशीची नको. लाकडी चौकटीवर फळ्या टाकू, खालून हात जाईल एवढी मोकळीक ठेवून. छताखाली दोन्ही लांब बाजूंना वीतभर फट आणि तिला बारीक लोखंडी जाळी. वारा आरपार गेला पाहिजे, खार आणि चिमणी आत नको.

भाऊ (पुणे):
वादळाचं काय? दरवर्षी मे-जूनमध्ये केळीच्या बागा झोपतात, पत्रे शेतात सापडतात.

मामा (शिरपूर):
पत्रा वजनाने नाही, बांधणीने टिकतो. वारा खालून शिरून उचलतो. उघडी बाजू मावळतीला ठेवली की छप्पर गेलंच समजा. आपला दरवाजा उगवतीला. तुळई आणि खांब यांना कुसू (खाचेत बसणारी लाकडाची जीभ) घालून सागाची खुंटी मारीनच, पण कुसू वर खेचल्यावर निघतो. म्हणून प्रत्येक सांध्याला लोखंडी पट्टी, पट्टीला आरपार बोल्ट. आणि खालची पट्टी तळखड्याच्या बाजूने थेट काँक्रीटमध्ये गेली पाहिजे. छपरापासून पायापर्यंत एक साखळी. ताई, काँक्रीट ओतताना त्या पट्ट्या आधीच उभ्या करून ठेवायला सांग गवंड्याला, नंतर विसरतात.

ताई (नाशिक):
हो मामा, चित्र काढून पाठवते. जिभाऊ, गवंडी आला की त्याला फोनवर माझ्याशी बोलायला द्या. आणि ग्रामपंचायतीत बांधकामाचा अर्ज आधी द्या. घरामागे असलं तरी पक्क्या पायाचं बांधकाम आहे, पंचायतीला विचारून घेतलेलं बरं.

जिभाऊ (गाव):
अर्ज उद्या देतो. पंचायतीत नकाशा मागतील.

ताई (नाशिक):
आज रात्री पाठवते. मोजमापासकट.

आप्पा:
दरवाजा जुन्या घराचाच लावा. देव्हाऱ्याशेजारच्या खोलीचा, पितळी कडीचा.

मामा (शिरपूर):
आप्पा, तो दरवाजा अडीच फुटांचा आहे. कापसाची गाठोडी घेऊन माणूस आत जायचा तर चार फूट पाहिजे. मी असं करतो, जुन्या घराच्या मोठ्या दाराच्या दोन्ही फळ्या मोठ्या खोलीला घेतो, आणि तुमचा पितळी कडीचा दरवाजा औषधांच्या खोलीला. त्याला आतून बाहेरून कुलूप बसतं.

आप्पा:
चालेल.

आत्या (पारोळा), व्हॉइस मेसेज:
आनी काम सुरू व्हयनं का माले सांगा. मी येसू.

जिभाऊ (गाव):
सोमवारी खड्डे खणायला माणसं लावतो. पहिल्या खड्ड्यात मुरूम कितीवर लागला त्याचा फोटो ग्रुपवर टाकतो, तोपर्यंत काँक्रीटचं कोणी काही सांगू नका. मामा, तुम्ही मंगळवारी येताना चुंबक आणि मोठी पटाशी घेऊन या, आमच्याकडची पाती पार बोथट झालीत.